ढेप कापणाऱ्याची जागा

आषाढ अर्धा सरला आणि परेश म्हात्रेनं गोळ्या बंद केल्या. कोणाला सांगितलं नाही. रात्री जेवणं झाली की पूनम, त्याची बायको, गोळी आणि पाण्याचा तांब्या स्वतः त्याच्या हातात द्यायची. तो गोळी तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा, मग चूळ भरायला मागच्या दाराला जायचा आणि गालात धरलेली गोळी मोरीबाहेरच्या चरात थुंकायचा. पाऊस होता. चरातलं सगळं वाहून शेताकडे जायचं.

याचं कारण जोळीच्या बैठकीत घडलं होतं. वाघखारची भातशेती खाडीच्या भरतीपेक्षा खाली आहे. खारं पाणी आणि भात यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध. तो सांभाळायला गावाची जोळ, आणि प्रत्येक घराला बांधाचा एकेक तुकडा वाटून दिलेला. मोठ्या उधाणाला दर घरातून एकजण बांधावर हजर लागतो. बांधाच्या पायाशी खड्ड्यातून चिखलाच्या ढेपा कापायच्या आणि रांगेतून हातोहात वर पोचवायच्या. तुकडा ज्याच्याकडे नाही, त्याला उघाडीची, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या वाटेची, दारं कधी लावायची आणि कधी काढायची यात बोलायचा हक्क नाही. म्हात्र्यांची शेतं सगळ्यात खोलगट. दारं काढायला एक दिवस उशीर झाला तरी त्यांच्या भाताच्या मुळ्या कुजायच्या.

देवळाच्या ओट्यावर जोळीचे म्होरके धर्माजी पाटील म्हणाले, "दिव्यांच्या अवसेचं उधान मोठं हाय. पाऊस पन लागून हाय. परेश, गेल्या साली तुज्या घराला सूट दिली. यंदा?"

परेश काही बोलायच्या आत काळूराम ठाकूर बोलला. त्याचा तुकडा परेशच्या तुकड्याला लागून होता. "काका, तो तुकडा मना द्या. मी सांभालतो दोन्ही. गोल्या खाऊन नऊ वाजेपर्यंत घोरनारा बांधावर काय कामाचा? भरती काय ह्याच्यासाठी थांबनार हाय, चा पिऊन ये म्हनून?"

ओट्यावरची माणसं हसली. परेशही थोडं हसला, कारण सगळे हसत होते.

"मी येईन," तो म्हणाला. "रांगेत उभा राहीन."

"बघ बाबा," धर्माजी म्हणाले. "न झेपल तर सांग. पन आधी सांग. पानी बांधाला लागल्यावर नको."

त्या रात्रीपासून गोळ्या चरात जाऊ लागल्या.

दोन पावसाळ्यांपूर्वी श्रावणातल्या उधाणाला बांधाला खांड पडली होती. भगदाड बुजवताना काळूरामचा चुलतभाव पियूष ठाकूर पाण्याच्या ओढीनं आत गेला आणि त्याचा पाय बांधाच्या तळाच्या दगडांत अडकला. परेशनं त्याचा हात धरला. पाणी पियूषच्या डोक्यावरून गेलं तरी धरला. ओहोटी लागून लोकांना त्यांच्यापर्यंत पोचता आलं तेव्हा पियूष कधीचा गेला होता, आणि परेशची बोटं एकेक करून उलगडावी लागली होती. गावानं कौतुक केलं. ग्रामपंचायतीनं नारळ आणि शाल दिली. जो भेटेल तो म्हणायचा, "तू हात सोडला न्हायस." परेश मान हलवायचा.

त्यानंतर तो बांधाकडे गेला नाही. झोप गेली. टेंपो होता, त्याच्या स्टिअरिंगवर हात आखडायचे, तो विकला. पडवीत भिंतीला पाठ लावून बसायचा. समोर ताट ठेवलं तर जेवायचा, नाही ठेवलं तर मागायचा नाही. मुलगी रुचिका दहावीला तालुक्यात दुसरी आली, त्या दिवशी पेढा हातात घेऊन तो इतका वेळ बसला की पेढ्याला मुंग्या लागल्या. एकदा पूनमला तो विहिरीच्या कठड्यावर बसलेला सापडला. "गरम होतंय," म्हणाला. थंडीचे दिवस होते.

त्याच आठवड्यात पूनम त्याला घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेली. मंगळवारी तिथं मनाच्या आजाराची ओपीडी असते. डॉक्टरीणबाई वर्ध्याकडची, तरुण. तिनं गोळ्या दिल्या. शेजारच्या खोलीत हेमालीताई बसायची. तिच्याकडे दर मंगळवारी बोलायचं. त्या दिवशीचं सगळं, सकाळपासून, क्रमानं. पहिले दोन महिने त्या खोलीतून बाहेर आला की परेश दवाखान्याच्या मागे जाऊन ओकायचा. बुधवारचा अख्खा दिवस पडून असायचा. त्याची आई सखुबाई म्हणायची, "बरा करायला नेतस का आजारी पाडायला?" पूनमलाही तेच वाटायचं.

मग हेमालीताईनं घरचा अभ्यास दिला. घमेल्यात ओला चिखल घ्यायचा, रोज त्यात हात घालून बसायचं, भीती उतरेपर्यंत काढायचा नाही. पूनम अंगणात घमेलं ठेवायची. परेश त्यात हात घालून बसायचा, कपाळावरून घाम गळायचा. येणारेजाणारे कुंपणापाशी थांबायचे. "काय परेश, मडकी कराचा धंदा काढलास काय?" सखुबाई आतून धावत यायची आणि थांबणाऱ्याच्या आईपासून शिव्यांना सुरुवात करायची.

पण माघात तो एक दिवस आपणहून म्हणाला, "आज सुकट केलीस तर बरं होईल." पूनम परसात गेली, पदर तोंडाला लावून थोडी रडली, आणि मग सुकट निवडायला बसली. होळीपर्यंत तो झोपू लागला होता. पण गोळ्यांनी पोट सुटलं, सकाळी डोकं जड असायचं, तोंड कोरडं पडायचं, आठच्या आत जाग यायची नाही. गावात पहाटे उठत नाही तो पुरुष आळशी किंवा आजारी. परेशच्या बाबतीत लोकांनी दोन्ही धरलं.

म्हणून गोळ्या सुटल्या तेव्हा घरात पहिले काही दिवस आनंदच झाला. परेश कोंबड्याआधी उठला. विळा घासला, गोठा झाडला, पूनम उठायच्या आत चूल पेटवून चहा ठेवला.

"बघ," सखुबाई पूनमला म्हणाली. "माजा पोरगा माघारी आला. व्हता तसा."

पूनमलाही तसंच वाटलं. तिनं हेमालीताईला फोन करून सांगितलंसुद्धा, की आता पहाटे उठतात, कामाला लागतात. ताई म्हणाली, "चांगलं आहे. झोप किती लागते?" पूनम म्हणाली, "झोपत असतील ना. मी झोपलेली असते."

तो झोपत नव्हता. पहाटेची वाट बघत पडून राहायचा आणि उजाडायच्या आत उठायचा, एवढंच. चौथ्यापाचव्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात झिणझिणी उठू लागली, विजेच्या उघड्या तारेला बोट लागावं तशी. जेवण आंबट लागायचं. त्यानं ते अंगावर काढलं. अवसेला थोडेच दिवस राहिले होते.

लावणीच्या दिवशी म्हात्र्यांच्या खाचरात पूनम, सखुबाई आणि शेजारची मृणाली वाकून रोपं लावत होत्या. मृणाली ही पियूषची बायको. दोन्ही घरांची लावणी पूर्वीपासून एकत्र व्हायची, ती पियूषनंतरही मोडली नाही. परेश रोपांच्या जुड्या बायकांपुढे टाकत होता. कॉलेजला सुट्टी होती म्हणून रुचिका रोपांच्या राबावरून जुड्या उपटून आणत होती. पाऊस बारीक होता, सगळ्यांच्या पाठीवर प्लास्टिकचे कागद बांधलेले.

"बाबा, घ्या लवकर, हात भरून आले माझे," रुचिका म्हणाली आणि चिखलानं माखलेली जुडी तिनं त्याच्या हातात दिली.

परेशनं जुडी घेतली नाही. त्यानं तिचं मनगट धरलं.

"बाबा?"

तो तिच्याकडे बघत नव्हता. खाचरातल्या पाण्याकडेही नाही. पाय रोवून, अंग मागे टाकून तो ओढत होता, जणू पलीकडून कोणी तिला नेत होतं.

"बाबा, दुखतंय. आई! आई गो!"

पूनम चिखलातून धावली. तिनं त्याच्या दंडाला धरलं, हलवलं, नाव घेऊन हाक मारली. मृणाली मागून आली. काय चाललंय ते तिला बघताक्षणी कळलं असावं, कारण तिनं हाक मारली नाही. वाकून परेशची बोटं एकेक करून उलगडायला लागली. करंगळी, मग तिच्याशेजारची. चारही सुटली तेव्हा परेश खाली बसला, कमरेएवढ्या रोपांच्या ढिगाला टेकून, आणि धापा टाकू लागला.

रुचिकाच्या मनगटावर चार लाल वळ उठले होते. ती मनगट छातीशी धरून उभी होती. "काय न्हाय झालं," ती सारखं म्हणत होती. "बाबा, काय न्हाय झालं मला."

परेशनं वळ बघितले. उठून खाचरांच्या बांधाबांधानं सरळ घराकडे गेला.

घरी सगळं बाहेर आलं. परेशनंच सांगितलं, पडवीत, भिंतीकडे तोंड करून. किती दिवस, आणि कसं.

पूनमनं काहीच आदळआपट केली नाही. तिनं सासूकडे बघितलं. सखुबाई लुगड्याच्या ओच्यानं हात पुसत राहिली.

"आये, तुमाला ठावं व्हतं?"

"मागच्या दाराला थुकतांना बघितला एकदा," सखुबाई म्हणाली. "मना वाटला, बरा जाला असंल, म्हनून टाकतो. पहाटे उठत व्हता गो. मना चा दिला त्यानं. दोन सालं व्हत आली, माज्या पोरानं मना हातात चा दिला नव्हता." ती रडायला लागली. "मना काय ठावं? आमी ताप उतरला का दवा सोडतंव."

पूनम तिच्याजवळ बसली. रागवायचं होतं ते राहून गेलं. ताप उतरला की औषध सोडायचं, हेच तिच्या माहेरीही करत आले होते.

संध्याकाळी मृणाली आली. चपला बाहेर काढून पडवीच्या पायरीवर बसली, परेशच्या समोर. पूनमनं कंदील नाही, बल्ब लावला. पावसानं वीज अजून गेली नव्हती.

"भावजी," मृणाली म्हणाली, "गेल्या साली पियूषच्या जागेवर रांगेत मी उभी राहिले. तुमी आला न्हायत, तरी बांध तिथंच हाय ना?"

परेशनं बसल्या जागी पाय पोटाशी घेतले.

"मी एक सांगते, राग मानू नका. मना आता दुसऱ्या कोनाच्या घरी रडायला जायचं न्हाय. माजं रडं संपलंय. पूनमवैनीकडं गेले अन् डोल्यातून टिपूस आलं न्हाय, तर गाव मना नावं ठेवल." ती पूनमकडे बघून हसली, आणि मग हसू पुसून टाकल्यासारखं म्हणाली, "जा दवाखान्यात. तुकडा गेला तर जाऊं द्या."

"तुकडा गेला तर भात जाल," परेश म्हणाला. दुपारनंतरचं त्याचं हे पहिलं वाक्य.

"भात जाल. तुमी न्हाय जानार."

मंगळवारी परेश आणि पूनम मिनिडोर रिक्षानं तालुक्याला गेले. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. पूनमला वाटलं होतं, बाई ओरडतील.

"काय बाप्पा," बाई म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या माणसानं शाळेतल्या पोरासारखी गोळी गालात ठेवायची?" मग खुर्ची पुढे ओढली. "ठीक आहे. आधी मला सांगा, गोळीनं तुमचं काय काय नेलं. खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून नको."

परेशला हे कोणी विचारलं नव्हतं. "सकाळ नेली," तो म्हणाला. "आठपर्यंत डोकं वर होत न्हाय. शेतकऱ्याची सकाळ गेली तर उरलं काय? पोट बघा. तोंडाला चव न्हाय. लोक हसतात. अन्..." त्यानं पूनमकडे बघितलं. पूनम खिडकीबाहेर बघू लागली. "घरातलं. नवराबायकोचं. ते पन गेलं."

"हे आधी सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "यातल्या पुष्कळ गोष्टींवर इलाज असतो. आता वहिनी, तुम्ही सांगा. दिलं काय?"

पूनमनं तोंड वळवलं नाही. खिडकीकडे बघतच म्हणाली, "विहिरीला झाकन लावलं व्हतं मी, लोखंडी. कुलूप घालून. चावी माज्या कमरेला असायची, झोपतांना पन. चैतात काढलं ते झाकन. आता कोनी पन पानी काढतो." तिनं पदर कमरेला खोचला. "आमचं दुसरं जे गेलं म्हनतात, त्याचं मी बघून घेईन. ते थांबलं तर थांबलं."

परेशनं मान खाली घातली. विहिरीच्या झाकणाची चावी कोणाकडे असते, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला वाटायचं, झाकण पोरांसाठी घातलंय.

बाईंनी गोळी पुन्हा सुरू केली, कमीपासून चढवत न्यायची. जेवणानंतर नको, दिवेलागणीलाच घ्या, म्हणाल्या. सकाळचं जडपण थोडं अलीकडे सरकेल. पूर्वीसारखं वाटायला काही आठवडे जातील. महिन्याभरानं दुसरी गोळी बघू. "आणि अमावास्येला बांधावर जायचं की नाही, ते माझ्या हातात नाही. हेमालीशी बोला."

हेमालीताईनं विचारलं, "रांगेत कुठली गोष्ट होत नाही?"

"ओला हात," परेश म्हणाला. "ढेप घेतांना समोरच्याचा हात लागतो. चिखलानं माखलेला. तो लागला का मी तिथं असतो."

"आणि चिखल?"

"चिखलाचं काय न्हाय आता. घमेल्यात घालून घालून सवय झाली."

"मग रांगेत अशी जागा आहे का, जिथं चिखल आहे पण कोणाचा हात नाही?"

परेशनं विचार केला. होती. रांगेचं अगदी खालचं टोक. खड्ड्यात उतरून फावड्यानं ढेप कापायची आणि काठावर ठेवायची. पहिला माणूस ती काठावरून उचलतो. पण ती जागा धर्माजींची. गुडघे गेल्यापासून म्होरक्यालाच बांधाच्या निसरड्या उतारावर रांगेत उभं राहवत नव्हतं, म्हणून गावानं मान ठेवून ती त्यांना दिलेली. चाळिशीच्या आतबाहेरच्या धडधाकट माणसानं तिथं उभं राहायचं म्हणजे, मी रांगेचा राहिलो नाही, असं सगळ्यांसमोर कबूल करायचं.

परत गावात उतरल्यावर परेश घराकडे न वळता देवळाकडे गेला. पूनम त्याच्या मागोमाग गेली.

ओट्यावर धर्माजी होते, काळूराम होता, आणखी चारपाच जण. परेश उभ्यानंच बोलला. "काका, तुमी बोल्लेले, आधी सांग. सांगायला आलो. माज्यानं रांगेत उभं राहवनार न्हाय. मी ढेपा कापीन. रांगेत आमच्या घराची पूनम उभी राहील."

काळूराम हसला. "म्हंजे बायको वर अन् तू खड्ड्यात? तुकडा तुज्या नावावर ठेवायचा का वैनीच्या?"

"तुज्या चुलतभावाच्या जागेवर त्याची बायको उभी राहिली तवा तू गप्प व्हतास," पूनम म्हणाली. "तवा तर तिनं तुज्या हातात ढेपा दिल्या. तुज्या बोटांना काय जालं?"

"वैनी, मी तुमाला न्हाय बोल्लो..."

"मनाच बोल्लास. त्यांच्या तोंडावर बोल्लास, पन मनाच बोल्लास."

धर्माजींनी तपकीर ओढली. काळूरामकडे न बघता ते परेशला म्हणाले, "गोल्या चालू हायत?"

"चालू केल्या. आजपासून."

"सोडल्या व्हत्यास?"

"व्हय. तुमच्यासाठी. म्हंजे, उधानासाठी."

म्हातारा बराच वेळ तपकिरीची डबी बोटांत फिरवत राहिला. "मी तुला आधी सांग बोल्लो," तो म्हणाला. "मना असं नव्हतं बोलायचं. तू गोली सोडशील, असं मनात पन नव्हतं." मग काळूरामकडे वळून, "एक घर, एक जागा. दोघं येनार म्हनजे एक जास्तच आला. माजी जागा घेऊं दे त्याला. मी बांधावर उभा राहून शिव्या देईन. ते काम अजून जमतं मना."

अवसेला पहाटेपासून पाऊस धो धो होता. परेशला सातनंतर जाग आली, तीही पूनमनं हलवल्यावर. डोकं जड होतं, जीभ टाळ्याला चिकटलेली. सखुबाईनं चहा आणून दिला. तो घोट घेत बसला आणि ती पाठीवरून हात फिरवत राहिली. "उशीर जाला," तो म्हणाला. "होऊं दे," ती म्हणाली. "मी सांगून ठेवलंय धर्माजीला, माजा पोरगा चा पिऊन येल."

खड्ड्यात मांडीएवढं पाणी होतं. परेशनं फावडं उभं मारलं, पायानं दाबलं, आडवं मारलं, ढेप सुटली. ती फावड्यावर उचलून काठावर ठेवली. काठावरून पूनमनं उचलली, तिच्याकडून मृणालीनं, मृणालीकडून काळूरामनं, तिथून वर. पहिल्या दोनतीन वेळा काठावरची ढेप पूनम उचलेपर्यंत तो मान खाली घालून उभा राहायचा, तिचे हात दिसू नयेत म्हणून. मग लय लागली. उभं, आडवं, उचल, ठेव.

दुपार जवळ आली तसं पाणी बांधाच्या पलीकडून चढू लागलं. म्हात्र्यांच्याच तुकड्यात चिंबोऱ्यांनी बिळं केलेली होती. तिथून आतल्या अंगाला पाणी झिरपू लागलं. आधी ओल, मग बारीक धार.

"परेश!" धर्माजी वरून ओरडले. "तुज्या तुकड्यात हाय रे भडव्या! मोठ्या काप!"

तो मोठ्या कापू लागला. पूनमला त्या पेलेनात. तिचे पाय घसरले, ती गुडघ्यावर आली, ढेप छातीशी घट्ट धरून. मृणालीनं तिच्या हातातून ढेप ओढून घेतली. "खाली बसून दे, वैनी. उठू नको." पूनम गुडघ्यावरच राहिली आणि काठावरून ओढून ढेपा देऊ लागली. परेशनं एकदा वर बघितलं. पूनमचे हात कोपरापर्यंत काळे, तिचं तोंड काळं, पावसानं डोळ्यांभोवतीच तेवढं धुतलेलं. छातीत धडधड सुरू झाली. त्यानं हेमालीताईनं सांगितलं तसं मनात म्हटलं, ही पूनम आहे, हा खड्डा आहे, माझे पाय जमिनीला टेकलेत. धडधड गेली नाही. पण फावडं थांबलं नाही.

धार बारीक झाली. मग ओल राहिली. खाडी बांधाच्या माथ्याखाली येऊन थोडा वेळ तशीच फुगून उभी राहिली, आणि मग चिखलावर ओल्या रेघा सोडत उतरू लागली.

काळूराम खड्ड्याच्या काठावर येऊन बसला. धापा टाकत होता. खिशातून तंबाखूची पिशवी काढली, ती भिजून लगदा झाली होती, फेकून दिली. "तू म्हाताऱ्यापेक्षा बऱ्या कापतोस," तो परेशला म्हणाला. "म्हाताऱ्याच्या निम्म्या तर हातातच फुटतात."

"ऐकायला येतंय मना," धर्माजी वरून म्हणाले.

परेशला खड्ड्यातून वर यायचं होतं. काळूरामनं हात पुढे केला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं हात मागे घेतला, फावड्याचं दांडकं उलटं करून पुढे धरलं. परेश ते धरून वर आला.

"काळू," परेश म्हणाला, "तुजे उपकार."

"कसले? जा, झोप आता. तुजे डोले मिटतात."

भादव्यात भात पोटरीत आलं. उघाडीची दारं काढायच्या बैठकीला परेश गेला. उशिरा पोचला, पण त्याचं बोलणं होईपर्यंत लोक थांबले होते. गोळी बदलून झाली होती. सकाळी सहाला जाग यायची. पोट होतं तसंच होतं.

नंतरच्या मंगळवारी त्यानं तळ्यातला एक चांगला जिताडा मासा धरला, भिजल्या गोणपाटात गुंडाळला आणि पूनमबरोबर तालुक्याला नेला. डॉक्टरीणबाईंनी गोणपाट उघडून बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली. "बाप्पा, हा माझ्याकडे बघतोय. आणि मी हे घेऊ पण शकत नाही." हेमालीताई अलिबागची. ती म्हणाली, मलाही घेता येत नाही, पण तुमच्या गावची एक बाई बाळंत होऊन वॉर्डात पडलीय, तिला द्या. मग एवढं मोठं जनावर वॉर्डात कोण शिजवणार यावर तिघींची चर्चा झाली. अखेर ते बाळंतिणीच्या नवऱ्याकडे गेलं.

बाईंनी कागद बघितले, प्रश्न विचारले. "असंच राहिलं तर थंडीनंतर कमी करायला सुरुवात करू शकतो," म्हणाल्या. "हळूहळू. तुमची घाई होती ना? पुढच्या पावसाळ्यापर्यंत कदाचित बंदही होईल. पूनमताई, काय म्हणता?"

पूनम म्हणाली, "त्यांना विचारा."

परेशनं बोटांवर महिने मोजले. कापणी येत होती, मग थंडी. श्रावणातला तो दिवस वर्षातून एकदा येणारच. रुचिकाची बारावी होती. सकाळी उठल्यावर चहा करून आईला देता येत होता.

"राहू द्या," तो म्हणाला. "एवढ्यात नको. पुढचं उधान मी गोली खाऊनच बघतो. मग बोलू."

"नक्की?"

"तुमी विचारलंत, हेच लय हाय, बाई."

मिनिडोरमध्ये मागच्या बाकावर जागा मिळाली. शेवटच्या दुकानापर्यंत परेश जागा होता. मग मान पूनमच्या खांद्यावर आली आणि तो घोरू लागला. समोरच्या बाकावरची कोळीण हसली. ड्रायव्हरनं आरशातून बघून विचारलं, "वैनी, दादांना बरं न्हाय का? गाडी हलू घेऊं?"

"न्हाय," पूनम म्हणाली. "झोपलेत."